अंजनीवरचं पांढरं अंडं

अंडं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरंच येतं, हा सगळा कोंबडीचा प्रताप. रानात पांढरं अंडं घालणं ही चैन आहे आणि ती सगळ्यांना परवडत नाही. ज्यांना दार लावून घेता येतं त्यांनाच परवडते. खंड्या मातीच्या दरडीत बोगदा खणतो, सुतार आणि तांबट खोडात भोक पाडतात, पोपट आणि पिंगळा आयत्या ढोलीत शिरतात. आत अंधार. तिथे अंडं रंगवायचं कुणासाठी? म्हणून या सगळ्यांची अंडी पांढरी. उघड्यावर संसार मांडणाऱ्यांचं तसं नाही. टिटवीचं अंडं मातकट, काळ्या डागांचं, खड्यांत पडलं तर खडाच. रातव्याचं पाचोळ्यात असं मिसळतं की आपलाच पाय पडावा. (अपवाद आहेत हो! साळुंकी चांगली ढोलीत राहते आणि अंडी घालते निळी. निसर्गाने आपल्या नियमांची वही फार काटेकोर ठेवलेली नाही.)

मग एखादा पक्षी उघड्या फांदीवर, ना ढोली ना छप्पर, चहाच्या बशीपेक्षाही लहान गादीवर, पांढरंस्वच्छ अंडं घालत असेल, आणि तेही एकच, तर त्याला काय म्हणायचं?

गेली काही वर्षं मी या प्रश्नाभोवती फिरते आहे. आमच्या घरातल्या मंडळींना वाटतं, मी जमिनीच्या प्रश्नाभोवती फिरते आहे. दोन्ही खरं आहे. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. बाकीच्या वाचकांनी आमच्या घरच्या भानगडी थोड्या सोसून घ्याव्यात, पक्षी मात्र खरंच बघण्यासारखा आहे.

या पक्ष्याला मराठीत बेडूकतोंड्या म्हणतात. नाव काही गोड नाही, पण चुकीचंही नाही. रातव्याचा लांबचा नातेवाईक, साळुंकीएवढा, आणि तोंडाची फट जवळजवळ या कानापासून त्या कानापर्यंत. डोळे घुबडासारखे समोर. नाकाशी राठ केसांचा झुपका. जगात हा फक्त दोन ठिकाणी सापडतो, आपल्या पश्चिम घाटाच्या दमट रानात आणि श्रीलंकेत. इंग्रजी नावात श्रीलंका आहे, त्यामुळे आमच्या दोडामार्गात जन्म घालवलेला पक्षीसुद्धा कागदोपत्री परदेशी! १८४९ साली ब्लिथने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, पण त्यानंतर बराच काळ तो फारसा कुणाला दिसला नाही. याचं कारण तो नसणं हे नव्हे. कारण तो दिसत नाही, एवढंच.

दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही, तर ऐका. २०२३ च्या फेब्रुवारीत मी आमच्या राईत एका अंजनीच्या झाडापासून दहाबारा पावलांवर उभी राहून पाऊण तास एका सुक्या खुंटाकडे बघत होते. खुंटाला डोळा आहे की नाही याची खात्री होत नव्हती. मागून भाईकाका आले, त्यांनी माझ्या नजरेच्या रेषेत नीट पाहिलं आणि म्हणाले, "अगो, तो सुको खुट. ता काय बघतंस?" काका त्या राईत जन्मापासून वावरलेले. गवा किती वेळापूर्वी गेला हे शेणावरून सांगतात. त्यांना दुर्बीण दिली तेव्हा तेही गप्प झाले. चोच आभाळाकडे केलेली, पिसं अंगाशी आवळलेली, डोळ्यांची जेमतेम फट. राखाडी-तपकिरी अंगावर पांढरट-काळी नक्षी, थेट दगडफुलासारखी. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल. झाडाच्या सालीवर त्याचे जसे पापुद्रे चढतात, तसं ते अंग.

तो नर होता. मादी तांबूस असते, वाळक्या पानाच्या रंगाची. आणि तो नुसता बसला नव्हता, घरट्यावर बसला होता. घरटं दिसतच नव्हतं, कारण ते त्याच्या छातीखाली पूर्ण झाकलेलं होतं.

घरटं म्हणजे तरी काय? शेवाळाची एक छोटी गादी. आत स्वतःच्या अंगावरची मऊ लव, बाहेरून दगडफूल आणि सालीचे कपचे चिकटवलेले, म्हणजे फांदीला आलेली गाठ वाटावी. सुगरणीचं घरटं बघून आपण वाहवा करतो, शिंप्याचं बघून तर करतोच. याचं घरटं बघून कुणी वाहवा करावी अशी त्याची अपेक्षाच नाही. ते बघितलं जाऊ नये यासाठीच बांधलेलं आहे. भिंती नाहीत, खोली नाही, दोन अंडी ठेवली तर एक घरंगळेल. म्हणून एकच.

एकच अंडं का, यावर शास्त्रज्ञांनी बराच खल केला आहे, नुसत्या याच पक्ष्याबद्दल नव्हे. थंड देशांतले पक्षी एका वेळी जितकी अंडी घालतात, त्यापेक्षा उष्ण प्रदेशातल्या रानांतले पक्षी कमी घालतात, हे जुनं निरीक्षण आहे. अलेक्झांडर स्कच नावाचे एक गृहस्थ आयुष्यभर कोस्टारिकाच्या जंगलात राहून घरट्यांसमोर बसून राहिले. त्यांनी १९४९ साली एक साधा मुद्दा मांडला. जितकी पिल्लं जास्त, तितक्या आईबापांच्या फेऱ्या जास्त; आणि जितक्या फेऱ्या जास्त, तितकं साप-माकडांना घरट्याचा पत्ता लागणं सोपं. म्हणजे उष्ण रानात प्रश्न फक्त खायला घालण्याचा नाही, ये-जा किती करायची याचाही आहे. आमच्या राईत टकाचोर आहेत, भारद्वाज आहे, मांजऱ्या साप आहे. तिघेही घरटी लुटण्यात पटाईत. तिथे दिवसाला पन्नास फेऱ्या मारणारा संसार म्हणजे दवंडीच.

बेडूकतोंड्याने यावर काढलेला तोडगा मला फार विचार करायला लावतो. दिवसभर फेऱ्या शून्य. उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत नर अंड्यावर बसतो. हलत नाही, खात नाही, वळतही नाही म्हटलं तरी चालेल. दिवसपाळी बापाची आणि रात्रपाळी बहुतेक आईची. दिवसा बापच का, याचं उत्तर मला तरी त्याच्या रंगात दिसतं. उजेडात सालीसारखं दिसणं मादीच्या तांबूस अंगापेक्षा नराच्या राखाडी अंगाला जास्त जमतं.

आणि इथेच पांढऱ्या अंड्याचं कोडं मला सुटल्यासारखं वाटतं. ज्या अंड्यावर कधी उजेड पडतच नाही त्याला रंग कशाला हवा? खंड्याला मातीचं दार, सुताराला लाकडाचं, याला बापाच्या छातीचं. होला आणि पारवाही पांढरी अंडी घालतात आणि तेही जोडीने आळीपाळीने अंडी सतत झाकून ठेवतात, तेव्हा माझा तर्क अगदीच हवेत नसावा. पण होला उडाला तर परत यायला वेळ लावत नाही. हा दिवसा उडाला तर त्या काळोख्या राईत ते अंडं चुन्याच्या ठिपक्यासारखं चमकणार. सगळी मदार एकाच गोष्टीवर, की बसलेल्याने उठू नये.

मी ते अंडं एकदाच पाहिलं. मार्चच्या सुरुवातीला, तिन्हीसांजेला. रातकिड्यांचा आवाज चढला होता आणि दुर्बिणीत आता फक्त आकार कळत होते. नराने डोळे पूर्ण उघडले (पिवळे, आणि चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे), एकदा अंग झाडलं आणि आवाज न करता खाली झेपावला. फांदीवर एक फिकट ठिपका उरला. मी श्वास धरला की नाही आठवत नाही, पण आकडे मोजत होते हे आठवतं. अठराव्या आकड्याला मादी येऊन बसली आणि ठिपका विझला. मग लांबून कुठून तरी नराची ती खरखरीत हाक आली. ही हाक लहानपणी मी माजघरात झोपून ऐकली आहे. आजी म्हणायची, "झोप, रानातला कुणीतरी हसतंय." कोण हसतंय ते कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

अंड्यांवरून आठवलं. एके काळी अशी अंडी गोळा करणं हा साहेबांचा मोठा छंद होता. अंड्याला बारीक भोक पाडायचं, आतलं फुंकून काढायचं, टरफल कापसात ठेवायचं. यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे ए. ओ. ह्यूम. होय, तेच, काँग्रेसवाले! हिंदुस्थानातल्या पक्ष्यांच्या घरट्यांवर आणि अंड्यांवर त्यांचं जाडजूड पुस्तक आहे, १८७३ साली निघालेलं. पुढे सिमल्याच्या त्यांच्या घरातून पक्ष्यांवरची हस्तलिखितं चोरीला गेली आणि बाजारात चक्क रद्दीच्या भावाने विकली गेली. गडी खचला. १८८५ साली हजारो पक्षी आणि हजारो अंडी असा सगळा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. रद्दीवाल्याने इतिहासाला लावलेला हा हातभार आमच्या शाळेच्या पुस्तकात नव्हता.

आता अंडी गोळा करता येत नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच घरटी आणि अंडी यांना धक्का लावणं येतं. पण छंद मेला नाही, त्याने फक्त कापूस टाकून कॅमेरा घेतला. एका ठिकाणी (नाव नको) मी बेडूकतोंड्याचं घरटं असं पाहिलं की भोवतालच्या फांद्या कोयत्याने साफ केलेल्या. फोटो चांगला यावा म्हणून! पक्षी बसलेलाच होता. आणि प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, "बघ, किती शांत आहे, आपली सवय झालीय त्याला."

यावर मला जरा भांडायचं आहे. ते शांत बसणं नव्हे. पळणं हा ज्याचा बचावच नाही, तो भ्यायल्यावर जास्तच खुंट होतो. चोच वर, डोळे बारीक, पिसं आवळलेली, हीच त्याची भीती. आपल्याला ती दिसत नाही कारण आपल्या मते घाबरलेल्याने धावलं पाहिजे. आणि तो शेवटच्या क्षणी उडालाच, तर मागे काय उरतं ते वर लिहिलंच आहे.

आता घरचं.

राई सामायिक आहे. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि बहिणीचं नाव लागलं, आत्यांची होतीच, काका, चुलतभाऊ धरून एकूण अकरा नावं. दोन वर्षांपूर्वी थोरल्या चुलतभावाने एक संमतीपत्र फिरवलं. राई साफ करून काजू लावायचा. त्याचं म्हणणं मी खोटं म्हणत नाही. गावात तो राहतो, घरपट्टी तो भरतो, भाईकाकांचं औषधपाणी तो बघतो, आणि राईतून वर्षाला मिळतं काय तर थोडी कोकमं आणि सरपण. आजूबाजूला केरळहून आलेल्यांनी जमिनी घेऊन रबर लावलं, त्यांच्या बागा उभ्या राहिल्या. २०२० साली तिलारीचं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, पण आमची राई त्याच्या बाहेर आहे. आमच्या राईचं काय करायचं ते आम्हीच ठरवणार. पुण्यात राहून पक्ष्यांवर प्रेम करणं सोपं आहे, असं तो मला तोंडावर म्हणाला. बरोबर आहे त्याचं. सोपंच आहे.

दहा सह्या झाल्या आहेत. माझी राहिली आहे.

मधला मार्ग काढला तो धाकट्या चुलतभावाने. त्याने जुन्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट करून घेतल्या आहेत. पक्षी बघणारी माणसं हल्ली पैसे मोजून येतात आणि त्यांच्या यादीत बेडूकतोंड्या फार वर असतो. तो म्हणाला, "ताई, तू फक्त झाड दाखव. एका मोसमात काजूचा बोलणाच बंद होईल दादाचा." म्हणजे पक्ष्याला वाचवायला पक्षीच कामाला लावायचा. कल्पना वाईट नाही. केरळात थट्टेकाडला मी २०२४ च्या जानेवारीत मुद्दाम जाऊन आले. सालिम अलींनी १९३० च्या दशकात त्या भागाची पाहणी केली होती, आणि १९८३ साली तिथे अभयारण्य झालं ते त्यांच्याच नावाचं. तिथल्या वाटाड्यांना बेडूकतोंड्याची प्रत्येक जोडी दिवसा कुठे झोपते ते ठाऊक आहे. आमच्या वाटाड्याने आम्हाला लांब उभं केलं, चार चार जणांना पुढे सोडलं, पाच मिनिटांत परत बोलावलं. नर-मादी एकमेकांना चिकटून दोन वाळक्या पानांसारखी बसली होती. त्या माणसाचं घर या पक्ष्यावर चालतं आणि पक्षीही तिथे टिकून आहे. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

पण ती झोपायची जागा होती, घरटं नव्हे. झोपलेल्या जोडीला त्रास झाला तर ती उद्या दुसऱ्या फांदीवर झोपेल. घरट्यातल्या बापाला ती सोय नाही. धाकट्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला, "अगं, पण लोक येतात फेब्रुवारी-मार्चातच!" खरं आहे. नेमका तोच अंड्याचा काळ, जानेवारी ते एप्रिल.

म्हणून मी अजून झाड दाखवलेलं नाही. माझ्याखेरीज ते फक्त भाईकाकांना माहीत आहे आणि काका कुणाला सांगायचे नाहीत.

२०२३ चं ते पिल्लू मी पाहिलं, दोनदा. बापाच्या छातीखालून पांढुरक्या लवेचा एक गोळा डोकावत होता. एप्रिलात पुन्हा गेले तर फांदी मोकळी. घरटं रिकामं नव्हे, घरटंच नाही! गादी नाही, लव नाही, एक कपचासुद्धा नाही. आधी वाटलं कुणीतरी पाडलं. मग वाचनात आलं की पिल्लू उडालं की नर ते घरटं मोडून टाकतो, केरळातल्या अभ्यासकांनी हे नोंदवलेलं आहे. इतके दिवस ज्या गादीवर हलला नाही, तीच तो विस्कटतो. त्या फांदीवर उरलेला गोळा पुढच्या वर्षी कुणाला तरी पत्ता सांगेल म्हणूनच असावं. आणि २०२४ साली ते जोडपं परत त्याच अंजनीवर आलं, जुन्या जागेपासून वीतभर अंतरावर.

पिल्लू कुठे गेलं होतं ते मात्र काकांनी शोधलं. राईच्या खालच्या अंगाला वेताच्या जाळीत तिघं ओळीने बसलेली, मध्ये पिल्लू, दोन्ही बाजूंना आईबाप. पिल्लू असं कित्येक महिने मधोमध झोपतं. ती जागा पाणंदीवरून दिसते, राईत शिरावंसुद्धा लागत नाही.

तर माझं म्हणणं असं. काजूच्या कागदावर मी सही करणार नाही, हे दादाने आता धरून चालावं. पण नुसतं नाही म्हणून मला पुण्यात बसायचं नाही. घरपट्टीतला आणि काकांच्या औषधातला माझा वाटा या वर्षापासून माझा, हे मी आधीच कळवलं आहे. धाकट्याच्या खोल्यांना माझी संमती आहे, लेखी हवी तर लेखी. पाहुण्यांना पाणंदीवरून वेतातली जागा दाखवायची, चार जणांच्या वर नाही, टॉर्च नाही, रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायचा नाही. जानेवारी लागला की वरच्या राईचं बेडं बंद, ते पिल्लू उडेपर्यंत. त्या दिवसांत येणाऱ्यांना धनेश दाखव, कर्णा दाखव, आपल्याकडे काय कमी आहे? उत्पन्न थोडं बुडेल, किती ते दोन मोसमांत कळेल. तेवढा वेळ सगळ्यांनी मला द्यावा.

परवा काकांचा फोन आला होता. आधी तब्येतीचं, मग आंब्याच्या मोहोराचं, मग फोन ठेवता ठेवता म्हणाले, "खुट बसलो गो." मी विचारलं, कुठल्या फांदीवर. म्हणाले, "ता फोनार सांगूचा नाय."

शिमग्याला मी पाच दिवस गावी आहे. दादा, तू त्या वेळी मुंबईला जाणार असशील तर आधी कळव, मी तारखा बदलीन. मोठ्या आत्या, तुम्ही सही केली तेव्हा कागद वाचला नव्हता असं बहीण म्हणते. तो एकदा वाचून घ्या, प्रत माझ्याकडे आहे. आणि धाकट्या, वेताच्या जाळीकडे जाणाऱ्या पाणंदीतली ती पडलेली सातवीण तोडू नकोस, लोकांना बसायला बरी आहे.